हायब्रिड एसयूव्ही घ्यायची? सही करण्याआधी भोर-वेल्ह्यातले हे तीन मालक काय म्हणतात ते ऐका



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो होतो, "गाडी घेताना शोरूममध्ये शेवटी जायचं, मालकांकडे आधी." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, सर, म्हणजे नक्की काय करायचं? आज तेच सांगतो, एका खऱ्या दिवसाच्या अनुभवावरून. चहा घेऊन बसा, कारण यात आकडे आहेत. वही-पेन जवळ ठेवा.

वेल्ह्याचा एक तरुण आहे. तोरण्याच्या पायथ्याला ट्रेकर्ससाठी जेवण आणि तंबूची सोय करतो. बायको स्वयंपाकघर सांभाळते, हा बुकिंग आणि बाकीची धावपळ. चार-पाच वर्षं घासून त्याने सहा लाख रुपये बाजूला टाकलेत. एक दिवस फोन आला, "सर, हायब्रिड एसयूव्ही घेतोय. लिटरला अठ्ठावीस देते म्हणतात. वडिलांना दवाखान्यात न्यायला होईल, आणि स्वारगेटवरून पाहुणे आणायला पण होईल. धंद्यात पैसे वसूल!"

मी विचारलं, "महिन्याला किती किलोमीटर फिरतोस?"

"होत असतील दोन-अडीच हजार."

"होत असतील नको. महिनाभर लिहून काढ, मग बोलू."

महिन्याने वही घेऊन आला. पुण्याच्या चार फेऱ्या, नसरापूरचा बाजार, बाकी किरकोळ. सगळं मिळून आठशेच्या आतच. स्वतःचाच आकडा बघून तो गप्प झाला. मी म्हटलं, अजून काही ठरवू नकोस. रविवारी भोरला ये. आपल्याच रस्त्यांवर हायब्रिड चालवणाऱ्या तीन मालकांना भेटू.

मी हे का करतो, ते पण सांगून टाकतो. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः मसाल्याचा छोटा धंदा करत होतो. दिवाळीच्या तोंडावर खेळत्या भांडवलातून मोठ्या गाडीचं डाउन पेमेंट भरलं. गाडी दारात आली आणि मिरची भरायला पैसे नव्हते. भर सीझनमध्ये ऑर्डर सोडाव्या लागल्या. ती गाडी वाईट नव्हती बरं का. माझी वेळ आणि माझा हिशेब चुकला होता.

आधी समजून घ्या: कुठलं हायब्रिड?

बघा, "हायब्रिड" या एका शब्दाखाली दोन वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात.

पहिली माइल्ड हायब्रिड. "स्मार्ट हायब्रिड" लिहिलेली जी गाडी तुम्ही बघता, ती बहुतेक हीच. यात छोटी मोटर इंजिनाला नुसता हात लावते. गाडी एकट्या विजेवर चालत नाही.

दुसरी स्ट्राँग हायब्रिड. यात पेट्रोल इंजिन आहेच, शिवाय चाकं फिरवू शकेल अशी दमदार मोटर आणि त्यासाठी वेगळी बॅटरी. गाडी हळू चालत असेल तर इंजिन बंद पडतं आणि मोटर गाडी ओढते. ब्रेक मारला किंवा उतार लागला की तीच मोटर उलटं काम करून बॅटरी भरते. चार्जर लावायचा नाही, घरात पॉइंट काढायचा नाही. हे तंत्र काल आलेलं नाही. टोयोटाने प्रियस ही गाडी जपानमध्ये १९९७ सालीच बाजारात आणली होती. आपल्याकडे फॅमिली एसयूव्हीत हा प्रकार खऱ्या अर्थाने गाजला तो २०२२ मध्ये, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा आल्यावर. दोन्हींची यंत्रणा एकच आहे. १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, जोडीला मोटर, आणि प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर. आमच्या मित्राचं "अठ्ठावीस" इथून आलेलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सात-आठ माणसांची इनोव्हा हायक्रॉस आली. तिच्या हायब्रिडचा कंपनीचा आकडा २३.२४.

आता या बॅटरीचा आकार किती? ग्रँड व्हिटाराची बॅटरी ०.७६ किलोवॅट-अवरची, म्हणजे तुमच्या वीजबिलातलं पाऊण युनिट! इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तीस-चाळीस युनिटांची किंवा त्याहून मोठी असते. हायब्रिडची बॅटरी म्हणजे गल्ल्यातले सुटे पैसे. येतात आणि जातात, साठून राहत नाहीत. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचे तिन्ही मालक काय म्हणतात ते नीट समजेल.

पहिले मालक: भोरचे खत-बियाणेवाले शेठ

भोर बाजारपेठेत त्यांचं दुकान. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा पुण्याला जाणं. मार्केट यार्ड, बँक, कंपन्यांची ऑफिसं. स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही घेऊन दोन वर्षं झाली. पठ्ठ्या पहिल्या दिवसापासून डायरी लिहितो! किलोमीटर, लिटर, रुपये.

आम्ही बसलो आणि आमच्या मित्राने पहिलाच प्रश्न टाकला, "काका, अठ्ठावीस देते का?"

शेठ हसले. "अरे, अठ्ठावीस कागदावर. माझी पुण्याच्या गर्दीत तेवीस-चोवीस देते आणि हायवेला शंभरने हाणली तर वीस."

मित्र म्हणाला, "उलटं कसं काय? हायवेला जास्त द्यायला पाहिजे ना?"

इथेच खरी गंमत आहे. साध्या पेट्रोल गाडीला गर्दी मारते, कारण सिग्नलला उभी असतानाही ती पेट्रोल पीत असते. हायब्रिडला गर्दी चालते. कात्रज ते स्वारगेट रांगेत सरकताना तिचं इंजिन बराच वेळ बंदच असतं आणि ब्रेकमधून वीज परत मिळत राहते. हायवेवर एकसारख्या वेगाने गेलं की ब्रेक नाही, म्हणजे वीजही नाही. तिथे सगळा भार इंजिनावर. म्हणून हायवेला तिचा फायदा कमी होतो.

आणि कागदावरचा आकडा? प्रमाणित मायलेजची चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाने होते. गाड्या तपासणारी एआरएआय ही मोठी संस्था तर आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. पण रोलरवर खेड-शिवापूरची गर्दी नसते आणि मागे बसलेली चार माणसं पण नसतात. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, घरखर्च मांडायला वापरू नका.

शेठची तक्रार एकच होती, डिकी. "बॅटरी मागे बसवलीय. बियाण्याच्या चार पेट्या ठेवल्या की संपलं. आधीच्या गाडीत यापेक्षा जास्त बसायच्या." आता ते मोठा माल टेम्पोने मागवतात. आधी पन्नासदा "गाडीतूनच आणतो" म्हणणारा माणूस आता भाडं मोजतो, आणि ते भाडं डायरीत वेगळं लिहितो.

निघताना मी विचारलं, "पुन्हा घ्याल का?"

"घेईन. माझं निम्मं चालवणं पुण्याच्या गर्दीत होतं. गिअर नाही, क्लच नाही, संध्याकाळी घरी आल्यावर गुडघा दुखत नाही. पण मी धंद्याच्या पैशातून घेतली नाही हो. घराच्या पैशातून घेतली."

हे शेवटचं वाक्य आमच्या मित्राने वहीत लिहिलं का, ते मी बघत होतो. नाही लिहिलं.

दुसरे मालक: नसरापूरचे टूरवाले दादा

भोरहून निघून कापूरहोळला पुणे-सातारा हायवेला लागलो आणि नसरापूरला आलो. तिथे बनेश्वरच्या रस्त्याला एक दादा भेटले. त्यांच्याकडे पिवळ्या नंबर प्लेटची सात सीटची हायब्रिड आहे. पुणे विमानतळ, लग्नाची भाडी, महाबळेश्वर, कोकण. महिन्याला चार हजार किलोमीटरच्या वर.

दादांनी मायलेजचं कौतुक अर्ध्या मिनिटात संपवलं. "बरं देते," एवढंच. मग म्हणाले, "सर, माझ्यासाठी गाडी म्हणजे दुकान. दुकान दिवसाला किती तास उघडं राहतं, ते महत्त्वाचं. सर्व्हिसिंगला दोन दिवस गेले की दोन दिवसांचं भाडं गेलं."

बॅटरीची भीती वाटत नाही का, असं विचारलं. त्यांनी वॉरंटीचा कागदच पुढे ठेवला. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी जाहीर झालेली आहे. दादा म्हणाले, "घरच्या माणसाला वर्षं पुरतात. मला किलोमीटर पुरत नाहीत. माझे तीन-साडेतीन वर्षांत एक लाख साठ हजार होणार. म्हणून मी दर महिन्याला बॅटरीच्या नावाने वेगळे पैसे टाकतो."

मित्रांनो, याला म्हणतात उद्योजक! वॉरंटी वाचली, स्वतःच्या वापराला लावून बघितली आणि तरतूद केली.

मग आमच्या मित्राने त्याचा स्वारगेटवरून पाहुणे आणायचा प्लॅन सांगितला. दादा एकदम गंभीर झाले. "पांढऱ्या प्लेटवर? भाडं घेऊन? चुकूनही करू नकोस."

हे नीट ऐका, कारण होमस्टे आणि कृषी पर्यटनवाले सर्रास ही चूक करतात. खाजगी नोंदणीच्या गाडीत पैसे घेऊन प्रवासी नेणं म्हणजे परमिटशिवाय धंदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ए खाली त्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठा धोका विम्याचा. भाड्याचे प्रवासी गाडीत असताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. "पॅकेजमध्ये धरलंय, वेगळं भाडं घेत नाही" असं म्हणून सुटाल, या भरवशावर राहू नका.

म्हणजे काय झालं? आमच्या मित्राचं "धंद्यात पैसे वसूल" हे अर्धं कारण तिथेच गळून पडलं. त्याचा चेहरा उतरला. दादांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझे पाहुणे मला दे की. मी आणून सोडतो, तू तुझं जेवण चांगलं दे."

तिसरे मालक: वेल्ह्याच्या वाटेवरचे गुरुजी

नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. हा तालुका आता राजगड तालुका झाला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. मार्गासनीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, एका निवृत्त गुरुजींचं घर. मुलगा-सून पुण्यात. गाडी मुलाने घेऊन दिली, पण चालवतात गुरुजीच. पाबे घाटातून पानशेतच्या बाजूला जाणं, मढे घाटाकडच्या नातेवाइकांकडे जाणं, पावसाळ्यात चिखल. म्हणजे आमच्या मित्राचे रस्ते आणि गुरुजींचे रस्ते एकच!

बाईंनी चहा आणला. गुरुजी म्हणाले, "बाळा, गाडी गुणाची आहे. पण शाळेतल्या हुशार पोरासारखी आहे, तिला समजून घ्यावं लागतं."

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या.

एक, घाट. चढताना पाऊण युनिटाची बॅटरी लवकर खाली येते. मग इंजिन मोठ्याने ओरडतं आणि मायलेज पडतं. उतरताना ती परत भरते, पण भांडं लहान असल्याने तेही लवकर भरतं. साधा हिशेब बघा. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी शंभर मीटर उंचीवरून खाली आली की सुमारे ०.४३ युनिट ऊर्जा मोकळी होते. म्हणजे शंभर-दीडशे मीटर खाली येईपर्यंत बॅटरी जवळपास भरलेली असते. वरंध घाटाने महाडला उतरायचं म्हटलं तर त्याच्या कितीतरी पट उतार आहे! बॅटरी भरली की मोटरचा ब्रेक कमी होतो. गिअर लिव्हरला "बी" अशी जागा असते, ती अशा वेळी वापरायची. म्हणजे इंजिन गाडी आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. गुरुजींना हे डिलिव्हरीच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तिका वाचून त्यांनी स्वतः शोधलं.

दोन, चिखल. या आकाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये पुढची दोनच चाकं ओढतात. गुरुजींच्या घरापाशी लाल मातीचा चढ आहे. जुलैमध्ये तिथे चाकं जागच्या जागी फिरली आणि शेजारच्याने ट्रॅक्टर लावला. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमध्ये चारही चाकं ओढणारा प्रकार आला तो माइल्ड हायब्रिडमध्ये. म्हणजे "एसयूव्ही आहे, कुठेही जाईल" हे डोक्यातून काढा. दिसायला उंच असणं वेगळं आणि चार चाकं ओढणं वेगळं.

तीन, उभी गाडी. पावसाळ्यात गुरुजी तीन आठवडे पुण्याला मुलाकडे राहिले. परत आले तर गाडी मेलेली! झालं असं की हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. गाडीचा संगणक तिच्यावर जागा होतो. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवायची. शिवाय बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी गाडीच्या मागच्या भागात असते. गुरुजी तिच्यावर भाताचं पोतं टेकू देत नाहीत. "कोंडा आत गेला की बॅटरीला श्वास कुठून मिळणार?"

मी विचारलं, "गुरुजी, पुन्हा घ्याल?"

गुरुजी थांबले. "माझं महिन्याला चारशे किलोमीटर होत नाही. पेट्रोल वाचतं ते खरं, पण जास्तीचे जे पैसे मुलाने दिले, ते माझ्या हयातीत वसूल व्हायचे नाहीत. ही प्रेमाची गाडी आहे, हिशेबाची नाही."

आता वही काढा

तीन मालक, तिघेही गाडीवर खूश, आणि तिघांचं उत्तर वेगळं! कारण गाडीचा प्रकार एकच असला तरी किलोमीटर वेगळे आहेत. हे आकड्यांत मांडू. आकडे मी सोपे धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

धरू की पेट्रोल १०५ रुपये. साधी एसयूव्ही प्रत्यक्षात १४ देते, स्ट्राँग हायब्रिड २१.

* साधी गाडी: १०५ भागिले १४ = किलोमीटरला ७.५० रुपये
* हायब्रिड: १०५ भागिले २१ = किलोमीटरला ५ रुपये
* बचत: किलोमीटरला २.५० रुपये

आता धरू की हायब्रिडसाठी अडीच लाख रुपये जास्त मोजले. अडीच लाख भागिले अडीच रुपये = एक लाख किलोमीटर. एवढं चालवल्यावर जास्तीचे पैसे निघाले.

* महिना ४,००० किमी (टूरवाले दादा): साधारण दोन वर्षं
* महिना १,५०० किमी (शेठसारखे): साधारण साडेपाच वर्षं
* महिना ८०० किमी (आमचा मित्र): दहा वर्षांच्या वर
* महिना ४०० किमी (गुरुजी): वीस वर्षांच्या वर

आणि यात अजून व्याज धरलेलं नाही! जास्तीचे अडीच लाख ९ टक्क्यांच्या कर्जातून आले असतील तर पहिल्या वर्षाचं व्याज साडेबावीस हजारांच्या आसपास. महिना ८०० किलोमीटरवाल्याची वर्षाची पेट्रोल बचत २४ हजार. म्हणजे सुरुवातीला पंपावर वाचवलेलं जवळजवळ सगळं बँकेत नेऊन भरायचं.

अजून एक. गाडी साधारण वीस लाखांच्या घरात पडली, सहा लाख स्वतःचे भरले आणि चौदा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साडेबावीस हजारांच्या आसपास. आमच्या मित्राचा धंदा पावसाळा आणि थंडीचा. उन्हाळ्यात गडावर माणूस चढत नाही. भर पावसात गर्दीच्या ठिकाणी जायला प्रशासन बंदी घालतं, धोका असला की घाट बंद होतात. घाट बंद होतो मित्रांनो, हप्ता बंद होत नाही.

"पण सर, टॅक्समध्ये वाचेल ना?"

हा प्रश्न येणारच. थोडक्यात सांगतो, सविस्तर तुमच्या सीएला विचारा.

१. जीएसटी परत मिळेल ही आशा ठेवू नका. ड्रायव्हर धरून तेरा सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीचं इनपुट टॅक्स क्रेडिट सर्वसाधारण धंद्याला मिळत नाही. जीएसटी कायद्याचं कलम १७(५) तेच सांगतं. प्रवासी वाहतूक, गाड्यांची विक्री, ड्रायव्हिंग स्कूल असे थोडे अपवाद आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या एसयूव्हीवर, मग ती हायब्रिड का असेना, ४० टक्के जीएसटी आहे. इलेक्ट्रिकवर ५ टक्के.

२. घसारा मिळतो, पण जेवढी गाडी धंद्यासाठी वापरली तेवढाच. साध्या मोटारीला १५ टक्के, भाड्याने चालणाऱ्या गाडीला ३० टक्के. पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. आणि तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे आपण ज्याला ४४एडी म्हणायचो त्यात, रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मागताच येत नाही. छोटे उद्योजक बहुतेक तिथेच असतात!

३. कंपनीच्या नावावर गाडी घेताना थांबा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या तुलनेत कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स बराच जास्त लागतो.

४. दुसऱ्या राज्याचे व्हिडिओ बघून ऑन-रोड किंमत धरू नका. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. तिथल्या किमती बघून आपली पोरं हिशेब मांडतात आणि शोरूममध्ये गेल्यावर दचकतात.

मालकाला हे सात प्रश्न विचारा

"गाडी कशी आहे?" असं विचारलं तर प्रत्येक मालक "मस्त" म्हणतो. स्वतःच्या वीस लाखांना कोण नावं ठेवेल? म्हणून असं विचारा:

१. महिन्याला किती किलोमीटर, आणि त्यात गर्दी किती, हायवे किती, घाट किती?
२. मायलेज स्क्रीनवरचं सांगताय की टाकी ते टाकी मोजलेलं? टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पुन्हा फुल होईपर्यंत चालवा, किलोमीटरला लिटरने भागा. असं तीन-चारदा केलं की खरा आकडा मिळतो.
३. आधीच्या गाडीत बसायचं ते सामान यात बसतं का?
४. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, आणि गाडी किती दिवस तिथे राहते?
५. गाडी कधी अडकली किंवा बंद पडली? तेव्हा काय केलं?
६. वॉरंटी वर्षांवर आधी संपेल की किलोमीटरवर?
७. पुन्हा घ्याल का? आणि कोणाला घेऊ नको म्हणाल?

सातव्या प्रश्नाचा दुसरा भाग विसरू नका. माणूस स्वतःच्या खरेदीबद्दल खोटं बोलेल, दुसऱ्याला सल्ला देताना खरं बोलतो.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती चक्कर मारून घेऊ नका. घरची सगळी माणसं बसवा, एसी लावा, एक चढ शोधा. जमलं तर गाडी तुमच्याच रस्त्यावर मागवा.

शेवटी काय झालं?

संध्याकाळी आम्ही आमच्या मित्राच्या घरी पोचलो. त्याने घरात सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "दारात गाडी असती तर बरं झालं असतं." त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे. बसने जाताना त्यांना किती त्रास होतो, ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग त्याची बायको आतून म्हणाली, "अहो, गाडी घराला पाहिजे आहे. धंद्याला काय पाहिजे, ते मला विचारा. बायका ग्रुपने येतात, संडास बघतात आणि रात्री न राहता निघून जातात."

दिवसभर मी जे समजावत होतो, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

त्या रात्री वहीत दोन रकाने झाले, घर आणि धंदा. धंद्याच्या रकान्यात संडास-बाथरूमसह दोन खोल्या. घराच्या रकान्यात वडिलांच्या पुण्याच्या फेऱ्या. त्यासाठी नसरापूरच्या दादांची गाडी महिन्याला ठरलेल्या दिवशी येते. तेच दादा येताना पाहुणेही आणतात, रीतसर पिवळ्या प्लेटवर. गाडीचं स्वप्न खोडलेलं नाही, खाली तारखेऐवजी अट लिहिलीय: नव्या खोल्यांचं बारा महिन्यांचं सरासरी उत्पन्न हप्त्याच्या तिप्पट झालं की शोरूमला जायचं. वडील अजून थोडे नाराज आहेत, ते मी लपवत नाही. पण भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जातात आणि दादांशी राजकारणावर भांडतात.

हायब्रिड घेऊ नका, असं मी म्हणत नाही. शेठने घेतली, बरोबर केलं. दादांनी घेतली, बरोबर केलं. गुरुजींच्या मुलाने घेतली, तेही बरोबर, कारण ती वडिलांसाठी आहे हे त्याला माहीत होतं. चूक तेव्हा होते, जेव्हा घरची हौस धंद्याच्या रकान्यात लिहिली जाते.

तर आजचा गृहपाठ. उद्यापासून तीस दिवस तुमचे किलोमीटर लिहा. गर्दी, हायवे, घाट, तीन वेगळे रकाने. मग वरचा भागाकार तुमच्या आकड्यांनी करा. उत्तर किती वर्षं आलं, ते मला खाली लिहून कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशेब आपण फळ्यावर सोडवू.

भेटूया. हिशेब लिहित राहा!